ढगांखालचा माळ

भिंगराव नकाशा कायम उलटा ठेवायचे. उत्तर स्वतःच्या पोटाकडे आणि दक्षिण समोरच्या भिंतीकडे. ऑफिसात नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ एक तर आपली फिरकी घेतोय, नाहीतर याला चष्मा बदलायची गरज आहे. कारण अगदी साधं होतं. उपग्रह डोक्यावरून जायचा सकाळी. तेव्हा सूर्य चित्राच्या खालच्या बाजूला असायचा आणि डोंगरांच्या सावल्या वरच्या बाजूला पडायच्या. आपल्या डोळ्यांना सवय असते उजेड वरून येण्याची. त्यामुळे चित्र सरळ ठेवलं की डोंगर खड्ड्यांसारखे दिसत आणि दऱ्या भिंतींसारख्या उभ्या राहत. उलटं ठेवलं की सगळं जागच्या जागी येई. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात भिंगरावांनी चित्र सरळ ठेवून एक अख्खी नदी डोंगराच्या धारेवरून वाहवली होती. मोठ्या साहेबांनी ती कागदावर पाहिली आणि विचारलं, "हिला वर चढवायला पंप कुठे बसवलाय?" तेव्हापासून भिंगरावांनी कानाला खडा लावला.

त्यांचं खरं नाव पगार काढणाऱ्या कारकुनाला माहीत होतं आणि त्यांच्या ताईला. त्यातही ताई त्यांना नुसतं 'अरे' म्हणायची. बाकी सगळ्यांना ते भिंगराव. गळ्यात काळ्या दोरीला भिंग बांधलेलं असायचं, ते जेवताना शर्टाच्या खिशात जायचं आणि घरी गेल्यावरही बराच वेळ निघायचं नाही. बायको म्हणायची, "अहो, आता तरी ते काढा. मी समोर बसलेय ती भिंगाशिवाय दिसते."

तो काळच तसा होता. आता पोरंसोरं खिशातून फोन काढून आपल्या घराचं छप्पर आकाशातून बघतात आणि जांभई देतात. तेव्हा आकाशातून काढलेलं जमिनीचं चित्र पाहायला दुसऱ्या खात्यांतली माणसं जिना चढून यायची. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडक्यांचे जाड पडदे दिवसभर ओढलेले. मधोमध ओळीने टेबलं, वर दुधी काच आणि काचेखाली नळ्यांचे दिवे. त्या काचेवर चित्राची फिल्म चिकटवायची, तिच्यावर पारदर्शक कागद, आणि मग भिंग डोळ्याला लावून बारीक निबाने रेघा काढत जायच्या. इथे जंगल संपलं, इथून शेती, हे पाणी, हे झुडपी रान, हे पडीक. दिव्यांच्या उबेने दुपारपर्यंत मांड्या शेकून निघायच्या. थंड हवेचं यंत्र होतं, पण ते फक्त कॉम्प्युटरच्या खोलीत. माणसांनी उन्हाळ्यात तिकडे काहीतरी काम काढून जायचं, एवढीच सोय होती.

या चित्रांत हिरवं हिरवं दिसत नाही, लाल दिसतं. माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो, झाडं आणि गवत तो भरभरून परत पाठवतात, उपग्रहाला तो दिसतो आणि छापताना त्याला लाल रंग देतात. मोठे साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच सांगायचे: "लाल म्हणजे हिरवं. बाकीचे प्रश्न जेवणानंतर." आणि जेवणानंतर दुसरी गोष्ट सांगायचे, ती जरा आवाज चढवून: "दिसेल ते काढायचं. माहीत असेल ते नाही."

या दुसऱ्या वाक्याला कारण होतं. आधीच्या नकाशांत लोकांनी आठवणींवरून बरंच काही भरून ठेवलं होतं. तोडून वीस वर्षं झालेली जंगलं कागदावर डोलत होती. एखाद्याच्या सासऱ्याची जमीन उगीचच सुपीक झाली होती. साहेबांना त्याचा वीट आला होता. बाकीच्यांनी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं. भिंगरावांनी मात्र ते गाठीला बांधलं. आधीच नाकासमोर चालणारा माणूस, त्यात असं वाक्य मिळालं. एखादा कोपरा संशयास्पद असला आणि शेजारचा म्हणाला, "अहो, मी त्या गावचा आहे, तिथे आंब्याची बाग आहे," तरी भिंगराव मान हलवायचे. "असेल. मला दिसत नाही." आणि त्यांचं खरं ठरायचं, बहुतेक वेळा. त्यामुळे ते जास्तच घट्ट होत गेले. माणसाचं चुकत असलं तर तो शिकतो. सतत बरोबर येणाऱ्या माणसाला शिकवणार कोण?

ताई त्यांच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, तेव्हा भिंगराव जेमतेम शाळेत जायला लागले होते. त्यांचं न्हाऊमाखू, अभ्यास, आजारपण सगळं ताईने केलं, आणि ती लग्न होऊन गेली तेव्हा सुट्टी लागली की भाऊ तिच्यामागे. तिचं सासर मेंढरंवाल्यांचं. शहरापासून दोन खोरी पलीकडे एक मोठा माळ होता, सपाट, वाऱ्याचा, त्याच्या पायथ्याशी घर. पाऊस पडला की माळावर गवत यायचं, मेंढरांच्या पोटाला लागेल एवढं, आणि मग वाढत वाढत माणसाच्या कमरेपर्यंत. त्या महिन्यांत कळप माळावर. कोकरंही तिथेच व्हायची. पाऊस संपला, गवत वाळून मोडलं, वाऱ्याने उडून गेलं की कळप खाली उतरायचा, कापणी झालेल्या शेतांतून फिरायचा. शेतकरी तेव्हा मेंढरं आनंदाने घेत, खत मिळतं म्हणून. पण पावसाळ्यात खाली सगळीकडे उभं पीक. तिथे कळपाला कोण पाय ठेवू देणार? त्या दिवसांत माळ नसेल तर मेंढरांनी जायचं कुठे, याला उत्तर नव्हतं. ते कुणी शोधलंही नव्हतं, कारण माळ होताच.

दाजी मोठे गमत्ये. मेहुण्याच्या नोकरीचं त्यांना भारी कौतुक आणि तितकीच चेष्टा. भिंगरावांनी पहिल्यांदा त्यांना उपग्रह समजावून सांगितला तेव्हा ते सगळं नीट ऐकून म्हणाले, "काय मेहुणे, लोक उंटावरून शेळ्या हाकतात असं ऐकलं होतं. तुम्ही तर उंटाच्याही वर जाऊन बसलात." ताई हसत सुटली. भिंगरावही हसले. घरातलं माणूस बोललं की टोचत नाही.

मग ते काम आलं. मोठं काम, वरून आलेलं, घाईचं. सगळ्या मुलखातली पडीक जमीन शोधायची, नकाशावर दाखवायची, म्हणजे तिथे झाडं लावता येतील. कल्पना वाईट नव्हती, कुणाचा हेतूही वाईट नव्हता. चित्रं निवडायची तर ढग नसलेली हवीत, हे उघड आहे. ढगांच्या पलीकडचं उपग्रहाला दिसत नाही. म्हणून सगळी चित्रं उन्हाळ्याच्या तोंडाची निवडली, स्वच्छ, काचेसारखी. फोटोलॅबवाला ती डबाबंद फिल्म हातात नाचवत म्हणाला, "घ्या, एक डाग नाही. लग्नाच्या मुलीचा फोटो दाखवावा तशी आहेत."

वाटणीत माळाची फिल्म आली भिंगरावांच्याच टेबलावर.

त्यांनी ती उलटी ठेवली, चिकटवली, भिंग लावलं आणि नदीचं वळण ओळखलं. मग ओढा. मग तो लांबट, सपाट आकार. फिकट राखाडी, मधूनमधून पांढुरका. लाल एक ठिपका नाही. अख्ख्या आयुष्यात त्यांनी माळ वरून कधी पाहिला नव्हता, आणि आता पाहिला तर तो बोडका. हात थांबला. किती वेळ थांबला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मनात काय आलं ते मात्र त्यांना पुढे जन्मभर आठवत राहिलं, कारण ते फार मोठं नव्हतं. मनात आलं, इथे गवत असतं. आणि पाठोपाठ आलं, असेल, मला दिसत नाही. त्यांनी माळाभोवती रेघ फिरवली, रेघ सुरेख आली, आणि आत पडीक जमिनीसाठी ठरलेला आकडा लिहिला. लिहिताना त्यांना थोडा अभिमानसुद्धा वाटला. सख्ख्या बहिणीची जागा, तरी रेघ वाकडी गेली नाही.

संध्याकाळी बायकोला ते गंमत म्हणून सांगत होते. "आज ताईचा माळ आला होता टेबलावर."

"मग? काय लिहिलंत?"

"दिसलं ते. पडीक."

बायको भांडी पुसत होती. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "अहो, आपलं लग्न झालं त्या वर्षी आपण गेलो होतो. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती त्या गवतात."

"ते पावसाळ्यात. हे चित्र उन्हाळ्याचं आहे."

"मग पावसाळ्याचं बघा."

"पावसाळ्यात ढग असतात," भिंगराव म्हणाले, लहान मुलाला समजावल्यासारखं. बायकोने पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं तिला नंतर वाटलं. पण ती बिचारी काय विचारणार? सगळा घोळ त्या एका वाक्यातच होता आणि तो बोलणाऱ्यालाही ऐकू आला नव्हता. गवत असतं तेव्हा ढग असतात, ढग नसतात तेव्हा गवत नसतं. एवढं महागडं यंत्र आकाशात फिरत होतं, पण त्याच्या नशिबात तो माळ हिरवा पाहणं जवळजवळ नव्हतंच.

जागेवर जाऊन पडताळणी करायचा नियम होता, ती झाली. जीप गेली, तीही उन्हाळ्यात, कारण पावसाळ्यात तिकडचा रस्ता चिखलात रुतायचा. कळप तेव्हा खाली शेतांत होता. माळावर दगड होते, वारा होता आणि एक म्हातारी घार. जीपमधल्यांनी नकाशावर बरोबरची खूण केली आणि सावली शोधून डबे खाल्ले.

पुढचा पावसाळा जवळ आला असेल, एक दिवस शिपाई सांगत आला, "भिंगराव, तुमची बहीण आलीये."

ताई जिन्याच्या तोंडाशी चपला काढून उभी होती. ऑफिसात पहिल्यांदाच आलेली. भिंगरावांनी तिला आत आणलं, टेबलाजवळच्या स्टुलावर बसवलं, चहा सांगितला. ती काचेखालच्या दिव्यांकडे बघत राहिली. "उन्हातच बसल्यासारखं आहे की रे इथे," ती म्हणाली. मग तिने मुद्द्याला हात घातला. "अरे, माळाला कुंपण घालणार म्हणतायत. झाडं लावणार. मेंढरं आत नाही सोडायची."

"कोण म्हणालं?"

"माणसं आली होती मोजायला. दाजी म्हणाले त्यांना, अहो, पावसाळ्यात या, गवत दाखवतो. तर त्यांनी नकाशा काढला. म्हणाले, ही जमीन पडीक आहे, हे वरून बघून लिहिलेलं आहे, त्यात खोटं नसतं." ती जरा पुढे सरकली आणि आवाज खाली आणला, जणू ऑफिसाची अब्रू राखायची होती. "तो नकाशा तुमच्याकडचाच ना?"

"हो."

"मग ज्याने लिहिलंय त्याला जरा सांग की. इथलाच असेल ना तो? त्याला म्हणावं, बाबा, तुझी चूक नाही, तुला काय माहीत. पण माझ्या बहिणीचं घर आहे तिथे, मी पाहिलंय. सांगशील ना?"

त्याच क्षणी बोलायचं होतं. शब्द तोंडात होता. पण ताई त्यांच्याकडे अशा भरवशाने बघत होती की त्यांना वाटलं, आधी दुरुस्त करून टाकू, मग सांगू. मग सांगताना हसता येईल. "बघतो," भिंगराव म्हणाले.

"बघ बाबा. तू आहेस म्हणून बरं."

तिला गाडीत बसवून ते परत आले आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले. साहेब कडक होते, पण वेडे नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फिल्म मागवली, बघितली.

"यात तर काही नाही."

"नाही, साहेब. पण पावसाळ्यात असतं."

"तुम्ही पाहिलंय?"

"लहानपणापासून."

"मग झालं तर. चार ओळी लिहा, मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, हे पावसाळी कुरण आहे. खाली सही करा. मी आजच पुढे पाठवतो. कामाला सुरुवात व्हायच्या आत पोचेल."

भिंगराव उभेच राहिले. साहेबांनी वर पाहिलं. "काय झालं?"

"साहेब, ती माझ्या बहिणीची जागा आहे."

"बरं मग?"

"लोक म्हणतील, बहिणीसाठी नकाशा बदलला."

"लोकांना म्हणायला काय लागतं? तोंड फुकटचं."

"नाही, पण... आपलं ठरलेलं आहे, साहेब. दिसेल ते. मला चित्रातून दाखवू द्या. पावसाळ्याचं एखादं चित्र असेलच कुठेतरी, ढगांत फट असलेलं. मी शोधतो. मग कुणाला बोलायला जागा राहणार नाही."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं कडक होऊन परत आलं की माणूस जरा गोंधळतो. "शोधा," ते शेवटी म्हणाले. "पण लवकर शोधा. ते लोक थांबणार नाहीत. आणि ते चार ओळींचं लक्षात ठेवा, मी म्हटलंय."

भिंगरावांनी चार ओळी लिहिल्या नाहीत. त्यांनी चित्र शोधलं.

उपग्रह ठरावीक दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जायचा. प्रत्येक वेळच्या चित्राची काडेपेटीएवढी छोटी प्रत कपाटाच्या खणांत असायची. भिंगराव दुपारच्या सुट्टीत ते खण उपसायला लागले. गेल्या वर्षीचा पावसाळा: ढग. त्याच्या मागचा: ढग. त्याआधीचा: नुसत्या आडव्या पट्ट्या, यंत्र बिघडलं होतं. फोटोलॅबवाला खांद्यावरून वाकून म्हणाला, "कापूस आहे सगळा. गाद्या भरायला घ्या." भिंगराव हसले नाहीत. एकदा माळाच्या दोन बोटं शेजारी मोठी फट सापडली, आत लालभडक दिसत होतं, पण ते शेजाऱ्याचं रान. माळावर नेमका ढग. असं वाटावं की कुणी हात धरून झाकलाय.

इथली चित्रं संपली तेव्हा त्यांनी, उपग्रहाची चित्रं जिथे उतरत त्या दूरच्या केंद्राला लिहून आणखी मागवली. ती यायला महिने लागत. घराखालच्या दुकानात ताईचा फोन यायचा.

"झालं का रे काही?"

"चाललंय, ताई. होईल."

"त्यांनी खड्डे खणायला घेतलेत."

"होईल, ताई."

तो पावसाळा आला. कुंपण बंद झालं आणि आत कमरेएवढं गवत वाढलं, रोपांच्या भोवती, कुणी न खाल्लेलं. दाजी कळप घेऊन रस्त्याच्या कडेकडेने फिरले. मेंढरं एका शेतात घुसली, भांडण झालं, दुसऱ्या शेतात घुसली, दाजींना मार बसला. कोकरं जगली नाहीत. पावसाळा सरता सरता त्यांनी कळप विकून टाकला. हे भिंगरावांना दाजींनीच सांगितलं, फोनवर, कसलीही चेष्टा न करता. "मेहुणे, तुम्ही पुष्कळ खटपट केलीत, तुमची ताई सांगते. नसतं एकेकाच्या नशिबात." चेष्टा केली असती तर भिंगरावांना परवडलं असतं.

आणि त्यानंतर कधीतरी, दूरच्या केंद्राकडून आलेल्या एका गठ्ठ्यात, ते चित्र सापडलं. फार जुनं, उपग्रहाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं. भर पावसाळ्याचं, चारी बाजूंनी ढग, आणि बरोबर माळावर गोल फट. आत गडद लाल. शेतांपेक्षा लाल, जंगलापेक्षा लाल. भिंगराव खुर्चीवरून उठले आणि शेजारच्याला मिठी मारली. ऑफिसात त्यांना असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी त्याच दिवशी कागद पुढे पाठवला. उत्तर सभ्य होतं. जागेवर लागवड पूर्ण झालेली आहे, पुढच्या नकाशाच्या वेळी आपल्या सूचनेचा जरूर विचार होईल. बैल गेला आणि झोपा केला.

पुढचा नकाशा काही वर्षांनी झाला. त्यात तो माळ 'लागवडीचं रान' म्हणून आला, कारण तोवर झाडं चांगली उभी राहिली होती. म्हणजे आधी पडीक, नंतर झाडं. जे गवत तिथे पिढ्यान्‌पिढ्या येत होतं, ते कुठल्याच नकाशावर कधी आलं नाही. उलट आधीचं बोडकं चित्र आणि नंतरचं लाल चित्र शेजारी शेजारी चौकटीत बसवून ऑफिसच्या दारात लावलं. पाहुणे आले की त्यांना ते आधी दाखवायचे. भिंगराव त्या भिंतीकडे न बघता आत यायला शिकले.

पण हे सगळं नंतरचं. चित्र सापडलं त्याच आठवड्यात त्यांनी त्याची मोठी प्रत करून घेतली, गुंडाळी काखेत मारली आणि ते ताईकडे गेले. का गेले, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. बहुधा त्यांना दाखवायचं होतं की आपण शोधायचं थांबलो नाही.

घरामागचं मेंढरांचं आवार रिकामं होतं. दाजी कामावर गेले होते. झाडं राखायला माणूस हवा होता आणि माळ ठाऊक असलेला दुसरा कोण मिळणार? ताईने पाणी दिलं, आणि दोघं ओसरीवर बसली. भिंगरावांनी गुंडाळी उलगडली, चारी कोपऱ्यांवर जे सापडलं ते ठेवलं.

"हे लाल आहे ना, ताई, ते गवत."

ताई वाकली. तिला समजावून सांगायची गरजच पडली नाही. तिचं बोट आपोआप ओढ्यावर गेलं, तिथून उतारावर, तिथून माळाच्या टोकापर्यंत. "हे कधीचं?"

भिंगरावांनी वर्ष सांगितलं.

"हो, हो. त्या वर्षी फार आलं होतं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मेंढरं दिसायची नाहीत रे आत. नुसती हाक मारायची आणि गवत हललं की समजायचं, इथे आहेत. तू आला होतास की त्या वर्षी. तुझी पहिली नोकरी लागली होती."

भिंगराव आले होते. चित्रात ते गवत होतं आणि त्या गवतात कुठेतरी ते स्वतः होते. त्यांना राहवलं नाही. "ताई, पडीक मी लिहिलं होतं. त्या नकाशावर. दुसऱ्या कुणी नाही."

ताई चित्राकडेच बघत राहिली. "मला वाटलं होतं तसं," ती म्हणाली. "दाजी म्हणायचे, नाही, मेहुण्यांच्या हातून नाही व्हायचं. असू दे. काम करणाऱ्याच्या हातूनच चुका होतात."

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण एकदा मन उघडलं की माणूस तळापर्यंत रिकामं करायला बघतो. भिंगरावांनी सगळं सांगितलं. साहेब काय म्हणाले, चार ओळी, सही, आणि आपण ते का केलं नाही. लोक काय म्हणाले असते तेही.

ताईने मान वर केली. "म्हणजे नुसतं सांगायचं होतं तुला? की मी पाहिलंय म्हणून?"

"हो."

"आणि कुंपण थांबलं असतं?"

"साहेब म्हणत होते, थांबेल."

"मग का नाही सांगितलंस?"

"सांगितलं ना, ताई. म्हणाले असते, बहिणीसाठी केलं."

"मग?" ताई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. "बहिणीसाठी केलं असतंस तर काय बिघडलं असतं रे?"

इतकी वर्षं कुठल्याही रेघेला भिंगरावांकडे कारण असायचं. ताईने कोपऱ्यांवरच्या वस्तू एकेक करून उचलल्या, चित्र आपणच गुंडाळलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पदराने हात पुसले आणि विचारलं, "तुझी परतीची गाडी किती वाजता आहे?"

या घरात आजवर तिने त्यांना हा प्रश्न कधी विचारला नव्हता.